‘हरकत नाही’, ‘मनाई आहे’, ‘विनंती आहे’: महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण

27 डिसेंबर 1927 रोजी महाडमध्ये अस्पृश्य मानलेल्या समाजातील हजारो माणसांची एक मिरवणूक चवदार तळ्याभोवतीच्या रस्त्याने निघाली आणि पाण्याला हात न लावता परत फिरली. त्याच वर्षी 20 मार्चला याच समाजातील लोकांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग तळ्याशी जाऊन ओंजळीने पाणी प्यायले होते. डिसेंबरची परिषद तर तोच हक्क पुन्हा बजावण्यासाठी भरवलेली होती, आणि साडेतीन हजारांहून अधिक माणसांनी त्यासाठी होईल ती शिक्षा भोगण्याची तयारी ठेवून आपली नावे नोंदवली होती. पाणी हाताच्या अंतरावर असताना ते न घेण्याचे कारण या माणसांना कशाने मिळाले? महाडच्या दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम होता, हे उत्तर खरे आहे. पण ते अर्धेच आहे. कोणीतरी कागदावर चार ओळी लिहितो आणि त्यामुळे दुसऱ्या माणसाला काही करण्याचे किंवा न करण्याचे कारण मिळते, हे मुळात घडते कसे, हा प्रश्न त्या उत्तरानंतरही उरतोच.

हा प्रश्न कायद्याच्या तत्त्वज्ञानातला जुना आणि अवघड प्रश्न आहे. त्यासाठी काल्पनिक उदाहरणे पुष्कळ रचली जातात. मला महाडचे प्रकरण त्या सर्वांहून अधिक उपयोगी वाटते, कारण 1923 ते 1927 या थोड्या काळात एकाच तळ्याबाबत शिफारस, खात्याचा आदेश, सल्ला, परवानगी, अनुदान बंद करण्याची सूचना, रूढीची आज्ञा, लाठीची धमकी, न्यायालयाचा हुकूम, कलेक्टरची विनंती आणि नेत्याचा शब्द, असे उक्तींचे जवळजवळ सर्व प्रकार एकामागून एक आले, आणि प्रत्येकाने माणसांच्या कृतीवर वेगळ्या रीतीने परिणाम केला.

आधी एका शब्दाविषयी सांगायला हवे. मराठीत ‘कारण’ हा शब्द दोन कामे करतो. पावसामुळे रस्ता वाहून गेला, तेव्हा पाऊस हे रस्ता वाहून जाण्याचे कारण असते. आणि आई आजारी आहे म्हणून मी गावी गेलो, तेव्हा आईचे आजारपण हे माझ्या जाण्याचे कारण असते. पहिल्या कारणाने घटना घडते, दुसऱ्या कारणाने कृती योग्य ठरते. कचेरीच्या मराठीत ‘सबब’ हा शब्द या दुसऱ्या अर्थाने अजून टिकून आहे: ‘सबब हुकूम करण्यात येत आहे की’ असे लिहिले जाते तेव्हा वर दिलेल्या गोष्टींमुळे हा हुकूम योग्य ठरतो, असा दावा असतो. या लेखात कारण म्हणजे या दुसऱ्या अर्थाचे कारण. मार खाण्याच्या भीतीने माणूस मागे सरला, एवढ्याने मागे सरणे त्याचे कर्तव्य होते असे ठरत नाही, आणि महाडच्या कथेत हा फरक सोडून चालत नाही.

4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशाने बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्या वर्गांना करू द्यावा, असा त्याचा आशय होता. पुष्कळांच्या मनात हा ठराव ‘कायदा’ म्हणून राहिला आहे. पण 1919 च्या सुधारणांखालील कायदेमंडळाचा ठराव ही सरकारला केलेली शिफारस असे, कायदा नव्हे. त्या शिफारशीला पुढे काय रूप मिळाले, ते सरकारच्या 11 सप्टेंबर 1923 च्या आदेशात दिसते, आणि हा आदेश बारकाईने वाचण्यासारखा आहे. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या ठिकाणांपुरता ठरावाचा अंमल करावा, असे त्यात खातेप्रमुखांना सांगितले आहे. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र भाषा बदलते: आपल्या हद्दीतील संस्थांनी ठरावातील शिफारस स्वीकारणे इष्ट आहे किंवा कसे याचा विचार करावा, असा सल्ला त्या संस्थांना देण्याची कलेक्टरांना विनंती करण्यात यावी.

एकाच कागदात खात्यांना हुकूम आहे आणि नगरपालिकांना सल्ला, तोही विनंतीच्या वाटेने पोहोचवलेला. खातेप्रमुखाला मिळालेला हुकूम त्याच्या स्वतःच्या मताची जागा घेतो. दवाखान्याच्या दारात कोणाला उभे करावे याबद्दल त्याची खाजगी धारणा काहीही असो, हुकूम निघाल्यावर त्या धारणेला त्या कामात जागा उरत नाही. हुकुमाचे खरे वैशिष्ट्य हेच आहे. मनातल्या अनेक कारणांच्या जोडीला तो आणखी एक कारण म्हणून येऊन बसत नाही, तर इतर कारणे पुन्हा तोलत बसण्याचे काम तो थांबवतो. सल्ल्याचे तसे नसते. सल्ला आधीपासून असलेल्या कारणांकडे बोट दाखवतो. ती कारणे तुम्हाला पटली नाहीत, तर सल्ला दिला गेला होता एवढीच वस्तुस्थिती मागे उरते. नगरपालिकांच्या सदस्यांची मते जिथे आधीच पक्की होती, तिथे या सल्ल्याने काय साधणार होते? सरकारने आपल्या घरापुरता हुकूम ठेवला आणि गावाच्या तळ्यापाशी सल्ल्यावर भागवले, आणि पुढच्या चार वर्षांतील बरेच काही या निवडीतून आले, असे माझे मत आहे.

महाड नगरपालिकेने इतर अनेक संस्थांहून अधिक केले, हे नोंदवणे न्यायाचे आहे. जानेवारी 1924 मध्ये तिने ठराव केला की अस्पृश्यांनी तळे वापरण्यास नगरपालिकेची हरकत नाही. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे सुधारणावादी पुढारी त्या गावात होते आणि पुढे ते या चळवळीसोबत उभे राहिले. पण ‘हरकत नाही’ या शब्दांनी नेमके काय घडते? नगरपालिकेची स्वतःची बंदी असलीच तर ती उठते. पाणी घ्यायला येणाऱ्याला अडवू नये, असे काठावर राहणाऱ्या गावकऱ्याला मात्र त्यात कुठेही सांगितलेले नाही. परवानगी ही परवानगी देणाऱ्यापुरती असते, तर हक्क इतरांवर कर्तव्य टाकतो. नगरपालिकेने आपला हात बाजूला घेतला, पण काठावर उभ्या असलेल्या इतरांच्या हातांविषयी ती काहीच बोलली नाही. त्यामुळे तीन वर्षे ठराव कागदावर राहिला आणि तळ्याकडे कोणी फिरकले नाही. मार्च 1927 च्या परिषदेसाठी 40 रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. गावातले मोठे तळे समोर होते आणि त्याबाबत नगरपालिकेची हरकतही नव्हती.

5 ऑगस्ट 1926 रोजी बोले यांनी दुसरा ठराव आणला: पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांना आणि स्थानिक बोर्डांना सरकारने अनुदान देऊ नये. हे कारण पैशाचे होते. सल्ला न ऐकण्याची किंमत वाढवण्यापलीकडे त्याचे काही काम नव्हते, आणि महाडच्या बाबतीत तर त्याचा रोख चुकीच्या ठिकाणी होता, कारण तिथे ठराव आधीच झालेला होता आणि अडथळा नगरपालिकेच्या तिजोरीत नव्हता.

अडथळा होता रूढीत. रूढी ही कोणी न दिलेली आज्ञा असते. तिच्याखाली कोणाची सही नसते, तिची तारीख नसते, आणि ‘हे का?’ असे विचारायचे तर विचारायला समोर कोणी नसतो. मराठी व्याकरणात आज्ञार्थाखाली हुकूम, विनंती, आशीर्वाद, प्रार्थना असे सगळे एकत्र येते. ‘दार उघड’ हा हुकूमही आज्ञार्थी आणि ‘देवा, पाव’ ही याचनाही आज्ञार्थी. विध्यर्थ मात्र वेगळा आहे. ‘तिथले पाणी शिवू नये’ या वाक्यात बोलणारा माणूस नाहीसा होतो आणि नुसते ‘नये’ उरते. रूढी नेहमी विध्यर्थातच बोलते. तळ्याचे पाणी मुसलमान आणि ख्रिस्ती घेत होते, गुरेढोरे पीत होती. केवळ हिंदू समाजातीलच काही जातींना ते वर्ज्य होते. हा नियम कशासाठी, याचे उत्तर नियमात नव्हते आणि कोणी देण्याची गरजही कोणाला वाटत नव्हती.

19 आणि 20 मार्चची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आणि तिच्या शेवटी तळ्यापर्यंत गेलेला मोर्चा यांची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. ती इथे पुन्हा सांगत नाही. एकच गोष्ट लक्षात घ्यावी: त्या दिवशी तळ्यावर गेलेल्या लोकांनी कोणताही कायदा मोडला नाही. जी मोकळीक कागदावर होती ती त्यांनी वापरली. नंतर मात्र हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. गाईचे शेण, गोमूत्र, दही, दूध घातलेल्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. लाठीनेही एक कारण दिलेच: दूर राहिलात तर डोके शाबूत राहील. घरी मुलेबाळे असलेल्या माणसाच्या दृष्टीने ते हलके कारण नव्हते. पण त्याची सारी ताकद लाठी पडण्याच्या शक्यतेतून येत होती. लाठीवाला निघून गेला, की ते कारणही संपले. असे कारण भीतीचे असते, बंधनाचे नसते, आणि त्या दुपारी ज्यांनी मार खाल्ला त्यांच्यापैकी कोणी आपण काही अयोग्य केले म्हणून मार खाल्ला असे मानले नाही. आंबेडकरांनी आपल्या लोकांना उलट हात उचलू दिला नाही, ही गोष्ट पुढे डिसेंबरमध्ये कामाला आली.

4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने 1924 चा ठराव रद्द केला. या रद्द करण्याचा अर्थ काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ‘हरकत नाही’ हे मागे घेतले, म्हणजे ‘हरकत आहे’ असे म्हटले का? माझ्या मते नाही. बंदी घालायची तर ती घालण्याचा अधिकार असावा लागतो आणि ती घातल्याचे सांगावे लागते. नुसती मोकळीक मागे घेतल्याने माणूस परवानगीच्या आधीच्या जागी जातो, आणि तळे सार्वजनिक असेल तर त्या आधीच्या जागीही तो इतर कोणाही नागरिकाइतकाच असतो. सनातनी पक्षालाही ते कळले असावे, कारण नगरपालिकेच्या ठरावावर विसंबून न राहता त्यांच्यापैकी काहींनी 12 डिसेंबरला महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे आपल्या वर्गाच्या वहिवाटीचे आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा हक्क नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आंबेडकर आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांना व्यक्तिशः, तसेच अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले होते. दोनच दिवसांत, 14 डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला: दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादींनी तळ्यावर जाऊ नये, पाणी घेऊ नये.

परिषदेला तेव्हा अकरा दिवस उरले होते.

आता या हुकुमाने नेमके काय दिले ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे मनाई हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येत होती आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येत होते. म्हणजे याही कागदामागे एक लाठी होती. पण डिसेंबरच्या परिषदेत तिने निर्णय केला नाही, कारण तुरुंगाला तयार असलेले हजारो लोक मंडपात बसलेले होते. शिक्षेचे भय ज्यांच्यापुरते संपले होते, त्यांच्यापुढेही हुकुमाचा प्रश्न उभा राहिला, आणि म्हणूनच हे प्रकरण इतके शिकण्यासारखे आहे. शिक्षा वजा केल्यावर हुकुमात काय शिल्लक राहते, हे या परिषदेत पाहायला मिळते.

दुसरा आवाज कलेक्टरचा होता. त्याने आधी निरोप पाठवला आणि नंतर परिषदेत येऊन भाषण केले. सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली असावीत हे त्याने मान्य केले, पण दावा न्यायालयात आहे तेव्हा निकालापर्यंत थांबावे, असे सांगितले. त्याच्या हाती फौजदारी प्रक्रिया संहितेचे 144 वे कलम होते, पोलीस होते. तरी सभेत तो विनंतीच्या सुरात बोलला. ज्याला हुकूम देता येतो त्याने केलेली विनंती खरोखर विनंती असते का, अशी शंका येणे रास्त आहे. मला वाटते, निदान या वेळी ती होती, आणि याची खूण अशी की ती नाकारणे शक्य होते व सभेतील अनेक वक्त्यांनी ती नाकारावी असेच सांगितले. विनंती ऐकणाऱ्याला न्यायाधीशाच्या जागी ठेवते. ती आपले वजन पारड्यात टाकते, पण काटा ऐकणाऱ्याच्या हातात राहतो. कलेक्टरच्या बोलण्यात विनंतीपेक्षा सल्ल्याचाच भाग मोठा होता. न्यायालयाचा हुकूम बाजूला काढला, तर त्याच्या म्हणण्यात सौजन्याखेरीज फारसे उरत नव्हते. म्हणून खरा प्रश्न हुकुमाचाच राहिला.

हुकुमाविरुद्ध सभेत बोलणाऱ्यांची बाजू दुबळी नव्हती. मार्चमध्ये मार खाल्लेले लोक होते. दूरदूरच्या गावांहून लोक पदरचे खर्चून आले होते. निकाल कधी लागेल याची कोणालाच खात्री नव्हती. शिवाय सत्याग्रहाची कल्पना तेव्हा देशात रुजलेली होती, आणि तिचे म्हणणे असे होते की अन्यायाचा हुकूम उघडपणे मोडावा आणि शिक्षा आनंदाने घ्यावी. त्यात न्यायालयाचा अपमान नसून त्याच्या शिक्षेचा स्वीकार असतो. मंडपात गांधींचे छायाचित्रही लावलेले होते. या युक्तिवादाला उत्तर देणे सोपे नाही, आणि महाडला हुकूम मोडला असता तर ते नैतिक दृष्ट्या चूक ठरले असते असे मी म्हणणार नाही.

तरीही, चर्चेनंतर, स्वतः आंबेडकरांनीच सत्याग्रह तहकूब करण्याची भूमिका मांडली. त्यांच्या कारणांपैकी एक डावपेचाचे होते: स्पृश्य समाज आणि सरकार अशा दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढायची वेळ आपल्या गरीब लोकांवर आणू नये. दुसरे कारण त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे, आणि मला ते अधिक खोल वाटते. अस्पृश्यतेची रूढी कायद्याने ग्राह्य आहे की नाही, याचा न्यायालयीन निर्णय त्यांना हवा होता. रूढी कायद्यात मान्य होण्यासाठी ती प्राचीन काळापासूनची असावी लागते, निश्चित असावी लागते, आणि नीतीला व लोकहिताच्या धोरणाला विरोधी नसावी लागते. अस्पृश्यता नीतीविरोधी आहे हे त्यांना ठाऊक होतेच. पण ते न्यायालयाच्या तोंडून आले पाहिजे होते.

या भूमिकेचा अर्थ मी असा लावतो. ‘रूढी तुम्हाला बांधत नाही’ असे न्यायालयाने गावाला सांगावे आणि गावाने ते मानावे, अशी ज्याची मागणी आहे, त्याला आपल्याविरुद्ध गेलेले त्याच न्यायालयाचे तात्पुरते सांगणे शून्य मानता येत नाही. हुकुमाने हवेतून कारण निर्माण केले नाही. त्यांच्या मनात आधीपासून एक कारण होते: या तळ्याचा निवाडा लाठीने किंवा गर्दीने होऊ नये, दोन्ही पक्षांना ऐकणाऱ्या कोणाकडून तरी व्हावा. 14 डिसेंबरच्या कागदाने त्या आधीच्या कारणाला एक निश्चित रूप दिले: अमुक दिवसापर्यंत अमुक जागी जाऊ नका. होडीवाल्याने सुटण्याची वेळ बदलली की महाडजवळच्या दासगावच्या धक्क्यावर लवकर पोहोचण्याचे कारण मिळते, पण ते महाडला जायचे असणाऱ्यालाच मिळते. ज्याला न्यायालयाकडून काहीच नको होते, त्याच्या दृष्टीने या हुकुमात शिक्षेच्या भीतीखेरीज काही उरले नसते.

इथे एक आक्षेप येईल. हुकूम जर इतर कारणांचे तोलणे थांबवतो, तर मग परिषदेत इतकी चर्चा कशाची झाली? ती तोलणीच होती की नाही? होती, पण तिचा विषय वेगळा होता. पाणी प्यावे की नाही यापेक्षा, या न्यायालयाच्या शब्दाला आपल्या निर्णयात ती जागा द्यावी की नाही, हे तोलले जात होते. एकदा ती जागा दिल्यावर 27 तारखेला तळ्याकाठून चालताना प्रत्येकाने मनात पुन्हा हिशेब मांडायचा नव्हता. कोणाला त्या वेळी तहान लागली असेल, कोणाला मार्चमधला मार आठवला असेल; त्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तरीही त्या क्षणी त्या निर्णायक नव्हत्या.

नावे नोंदवलेल्या लोकांचाही विचार करावा लागतो. वचन ही माणसाने स्वतःच स्वतःला घातलेली आज्ञा असते, आणि ती ज्याला दिली त्यानेच सोडवायची असते. हे वचन परिषदेला दिलेले होते. आंबेडकरांचा शब्द त्या मंडपात कोणत्याही सरकारी हुकुमाहून जड होता. त्यांनी नुसते ‘चला परत’ म्हटले असते तरी बहुतेक जण परतले असते. त्यांनी तसे केले नाही. तहकुबीचा ठराव परिषदेपुढे आणला, कारणे सांगितली, आणि वचनातून सोडवण्याचे काम ज्यांना वचन दिले होते त्यांच्याकडूनच करून घेतले. नेत्याच्या शब्दाला हुकमाचे बळ असतानाही तो ठराव म्हणून मांडणे, यात त्या लोकांविषयीचा जो आदर आहे तो मला फार मोलाचा वाटतो.

याच परिषदेत 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी तो ठराव मांडला होता. एकाच मंडपात एका ग्रंथाची आज्ञा जाळली गेली आणि एका दुय्यम न्यायाधीशाची आज्ञा पाळली गेली, याचा काहींना विरोधाभास वाटतो. मला त्यात एकच विचार दिसतो. दोन्ही आज्ञांचा त्या दिवशीचा आशय जवळजवळ सारखाच होता: पाण्याला शिवू नका. म्हणजे आशयावरून फरक केलेला नव्हता. फरक होता तो आज्ञा देणाऱ्याच्या अधिकारात. न्यायाधीशापुढे जाऊन ‘तुमचा हुकूम चुकीचा आहे’ असे म्हणता येत होते, पुरावा देता येत होता, त्याच्यावर अपील होते. ग्रंथाने आणि त्याच्या मागच्या रूढीने ज्यांना आज्ञा दिली, त्यांना उत्तर द्यायला जागाच ठेवलेली नव्हती. ज्या आज्ञेला ऐकणाऱ्याचे काहीच ऐकायचे नाही, तिला त्याच्याकडून बंधन म्हणून मान्यता मागण्याचा अधिकार कुठून येतो? अशी आज्ञा फक्त भीती किंवा सवय मागू शकते.

न्यायालयाच्या बाबतीत हा भरवसा लवकरच खरा ठरला. 23 फेब्रुवारी 1928 रोजी तोच मनाई हुकूम उठवण्यात आला. त्या दिवसापासून हुकुमाने दिलेले कारण संपले. त्यानंतर दाव्याच्या निकालासाठी थांबणे हे डावपेच होते, आज्ञापालन नव्हते. मूळ दावा मात्र रेंगाळला. 1931 मध्ये महाडच्या न्यायालयाने तो फेटाळला, 1933 मध्ये ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले, आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे शेवटचे अपील फेटाळले. पहिल्या ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली, आणि थांबण्याची किंमत मोजताना हा आकडा झाकून ठेवणे योग्य नाही.

उच्च न्यायालयाचा युक्तिवाद आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुमारे चार ते पाच एकरांच्या या तळ्याभोवती नगरपालिकेचे रस्ते आणि त्यापलीकडे बहुतांशी सवर्णांची घरे होती. अस्पृश्य तिथे पाण्याला येत नसत, हे खरेच होते. पण लोक येत नसत एवढ्यावरून त्यांना दूर ठेवण्याचा हक्क प्राचीन काळापासून प्रस्थापित होता असे सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने धरले. सवय आणि नियम यांतले अंतर यात पुरेपूर आले आहे. शतकभर कोणी एका वाटेने गेले नाही, म्हणून ती वाट निषिद्ध ठरत नाही. निषेध ठरायला न जाणाऱ्याने ‘मला जाण्याची मुभा नाही’ असे मानलेले असावे लागते, किंवा निदान कोणीतरी हक्काने अडवलेले असावे लागते. वादींना असा हक्क दाखवता आला नाही.

पण ज्यासाठी आंबेडकर थांबले होते तो मुद्दा त्यांना त्या निकालात मिळाला नाही. वादींना रूढी सिद्ध करता आली असती, तर ती अवाजवी किंवा लोकधोरणाविरुद्ध आहे का, याचा विचार करावा लागला असता, असे न्यायालयाने म्हटले आणि रूढीच सिद्ध न झाल्याने तो प्रश्न बाजूला ठेवला. तळे मोकळे झाले. अस्पृश्यतेच्या रूढीला नीतीच्या कसोटीवर उभे करण्याचे काम मात्र राहून गेले. मला या निकालात नेहमी एक अपुरेपण जाणवते, आणि ते न्यायमूर्तींच्या चुकीमुळे नाही. न्यायालय समोर आलेल्या वादापुरतेच बोलते. त्याच्या हुकुमाला वजन येते ते ज्या मर्यादेमुळे, तीच मर्यादा इथे आड आली.

ते काम पुढे संविधानाने केले. पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात, राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेल्या किंवा सर्वसाधारण जनतेसाठी ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत कोणत्याही नागरिकावर केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणतीही निःसमर्थता (म्हणजे अपात्रता) वा निर्बंध लादता येणार नाही, असा आशय आहे. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्यातून येणारी निःसमर्थता लादणे हा कायद्याने शिक्षापात्र गुन्हा ठरवला; 1955 च्या कायद्याने ती शिक्षा लिहिली. 1924 च्या ठरावातले ‘हरकत नाही’ नगरपालिका आपल्यापुरते म्हणत होती. इथले ‘लादता येणार नाही’ हे तळ्याच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येक घराला उद्देशून आहे.